दोरी कोण ओढणार

सीब, मस्कत
शनिवार, ता. १८ जानेवारी २०२५

चि. रामूस,

आक्काचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, मधुचा गुडघा हलका पडला असेल असं धरून पुढे जाते, कारण आज लिहायला खूप आहे आणि जितेश उद्या सकाळच्या विमानाने निघतोय. जितेश म्हणजे आमच्या अजिंक्यच्या ऑफिसातला, कुडाळचा. पत्र तुझ्या हातातच देईन म्हणालाय.

तर काल सगळ्यात आधी आली ती क्लोटिल्डा. माणसं सकाळी नऊला यायची होती. ही साडेसातला दारात, हातात रव्याचा केक. क्लोटिल्डा आमच्या समोरच्या दारची, वसईची, तोंडाने फटकळ पण हाताने सढळ. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणते, "काय कलावतीबाई, नवी साडी? आज तुमचं लगीन हाय काय?" मी म्हटलं, "लग्नाला मला कोणी विचारलं नव्हतं गं. आज विचारून बोलावलंय." ती इतकी हसली की आतून यशश्री म्हणाली, "आई, हळू, इरा झोपलीय." सून माझी गुणाची आहे रे. फक्त तिला वाटतं, सत्तरीच्या बाईने सकाळी जप करावा आणि दुपारी टीव्ही बघावा, मधे काही करू नये.

कशाला बोलावलं होतं ते सांगते. त्याआधी तुझ्या कागदाचं दोन ओळींत. तो अजिंक्यच्या फोनवर आला, त्याने मला वाचून दाखवला. वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या नव्या हॉटेलवाल्यांना आबांचा लाकूड कातायचा सांगाडा हवाय, दर्शनी खोलीत शोभेला मांडायला. त्याच्यावर भिंतीला लावायला रत्नागिरीच्या प्रदर्शनातला फोटो हवाय, जो एकच आहे आणि माझ्या ट्रंकेत आहे. आणि माझी काही हरकत नाही अशी सही हवीय. कळलं. त्याचं शेवटी लिहीन. फोनवर लिहिण्यासारखं नाही ते, आणि फोनवर मी बोलायला लागले की तुझ्याकडे रेंज जाते.

आधी चेमाचं सांगते.

चेमा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. मेक्सिको देशाचा. अमेरिकेच्या खाली आहे म्हणे, इराने नकाशात दाखवलं, मला काही ते नीट लागलं नाही. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, बहात्तरचा. त्याची मुलगी इथल्या मोठ्या हॉटेलात केक-बिस्किटं करते. बायको वारली, गावात एकटा पडला, म्हणून मुलीने आणला. क्लोटिल्डाची आणि त्यांची ओळख रुवीच्या चर्चमधली. एकदा क्लोटिल्डाच मला म्हणाली, "तुमच्यासारखाच एक येडा आलाय खाली. दिवसभर लाकूड नि तो."

इमारतीच्या मागे एक बोरीचं झाड आहे, इथले लोक त्याला सिदर म्हणतात. मी भाजी निवडायच्या निमित्ताने ताट घेऊन तिथे गेले. बघते तर हा बाबा जमिनीवर बसलेला, पुढ्यात आडवा लाकडी सांगाडा, त्यात लाकूड अडकवलेलं आणि ते फिरतंय. रामू, माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. लाकूड फिरत होतं आणि आपल्याकडच्यासारखं दोरी ओढायला दुसरं कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं रे. एकटाच माणूस. उजव्या हातात धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिच्या दोरीचा एक वेढा लाकडाला घातलेला. ती काठी तो पुढेमागे करतो, लाकूड फिरतं. डाव्या हाताने पटाशीची मूठ धरतो. आणि पटाशीचं टोक हलू नये म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबून धरतो. झालं. एका माणसात सगळं काम.

मी तिथेच बसले. मेथी निवडायची राहिली. त्या दिवशी घरी सगळ्यांनी दाल खाल्ली.

तुला आठवतं ना आपलं? तू नऊ वर्षांचा झालास तेव्हा आबांनी तुला पटाशी दिली. मी बारा वर्षांची. चौथीनंतर माझी शाळा सुटली कारण दोरी ओढायला माणूस हवं होतं. आधी आबांची दोरी ओढली, मग तुझी. आजोबांचा नियमच होता, बाई सांगाड्यावर बसली की लाकूड फुटतं. बाईने दोरी ओढावी, रंग लावावा, केवड्याच्या पानाने चकाकी आणावी. तेवढ्याने लाकूड फुटत नाही. कसलं हुशार लाकूड होतं आपल्या घरचं.

बरं, चेमाला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही. पण काही अडत नाही. त्याने मला भोवरा दाखवला, मी बोटाने दाखवलं की टोकाच्या आरीच्या वर थोडा जाड राहिलाय. तो चिडला. मग फिरवून बघितला, डुलला भोवरा, आणि गुपचूप पुन्हा सांगाड्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी त्याने खेळण्यांची पेटीच उघडली. एका दांड्यावर वाटी, दोरीला गोळा, तो उडवून वाटीत झेलायचा. एका फळीवर पाच कोंबड्या, खाली वजन टांगलेलं, फळी हलवली की टकटक दाणे टिपतात. इरा तासभर कोंबड्याच हलवत बसली. फोन मागितला नाही. अजिंक्य म्हणाला, "आई, हे मात्र चांगलं झालं." म्हटलं, बघ.

चेमाला मोडकंतोडकं इंग्रजी येतं, म्हणून इरा आमची दुभाषी. तिचं मराठी म्हणजे "आजी, तो बोलते की" असं असतं, पण काम भागतं. तिच्याकडून कळलं, चेमाच्या गावात पूर्वी बारा घरं खेळणी करायची. आता हा एकच होता, तोही इथे आला. पटाशा त्याने जुन्या कानशी घासून केल्यात. बायको रंग द्यायची. मी इराला म्हटलं, विचार त्याला, बायको कधी सांगाड्यावर बसली का? इराने विचारलं. तो बराच वेळ दोरीचा वेढा सारखा करत राहिला. मग काहीतरी बोलला. इरा म्हणाली, "आजी, तो म्हणते, मी तिला कधी विचारलं नाही." आणि थोड्या वेळाने तो उठला, गोणपाट झटकलं आणि माझ्याकडे बघून हात पुढे केला. बसा म्हणून.

म्हणून म्हणते, विचारून बोलावलं.

आता तुला जे आवडणार नाही ते लिहिते. मी बसले. साडी खोचली, धनुष्य हातात घेतलं, आणि पाय पुढे करायची वेळ आली तेव्हा थांबले. हत्याराला पाय कसा लावू? दसऱ्याला आपण पटाशीला झेंडू वाहतो. लहानपणी तुझा चुकून पाय लागला होता तर आबांनी तुला कानाला धरून नाक घासायला लावलं होतं. चेमाला कळेना ही बाई अडली कुठे. मी वाकले, पटाशीला हात लावून तो कपाळाला लावला, म्हटलं, माफ कर गं, माझ्याकडे दोरी ओढणारं कोणी नाही. मग अंगठा ठेवला. चेमाने ते बघितलं आणि त्यानेही छातीवर क्रूस केला. आता रोज बसायच्या आधी तो क्रूस करतो, मी नमस्कार करते. यशश्रीने गॅलरीतून बघितलं एकदा. "अहो आई, पाय? हत्याराला? आणि इमारतीतले लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. साठ वर्षं कोणी बघितलं नाही."

पहिला तुकडा वाकडा निघाला. दुसरा थोडा बरा. तिसरा भोवरा गोल. चेमा थक्क झाला, इराला विचारतो, आधी कुठे शिकली? कुठे शिकणार? दोरीला शिकले. दोरी ओढणाऱ्याच्या हाताला सगळं कळतं रामू. पटाशी लागली की दोरी जड होते, सुटली की हलकी. लाकूड आपल्याकडे फिरतं तेव्हा कापायचं, उलटं जातं तेव्हा उचलायची. तू कुठे घाईने खोल घातलीस, आबा कुठे थांबले, ते सगळं माझ्या तळहातात येत होतं. आठ वर्षं मी पाठ केलं ते. फक्त पटाशी दुसऱ्याच्या हातात होती.

आता काल. सीबच्या जुन्या बाजाराजवळ मेहनाज नावाची बलुची बाई राहते, इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या. हिंदी फर्डी बोलते. लहान मुलींसाठी हस्तकलेचा वर्ग चालवते. चेमाच्या मुलीकडून तिला कळलं की मागे अंगणात कोणी लाकडाची खेळणी कातून करतंय. म्हणून ती आणि तिच्या तिघी मैत्रिणी काल नऊला यायच्या होत्या. आल्या साडेदहाला. क्लोटिल्डा म्हणाली, "शुक्रवार हाय, सुट्टीचा, यल्ला यल्ला करून घाईने कोण येतंय?" तोवर अर्धा केक तिनेच संपवला.

आल्या त्या सरळ चेमाकडे गेल्या. मेहनाजने फोन काढला, त्याला म्हणाली, बसा, करून दाखवा. मला म्हणाली, "अम्मा, आप इधर बैठो बाजू में, रंग पकडाते रहना. फोटो अच्छा आएगा."

रामू, त्या बाईचा काही दोष नाही. चांगली आहे ती, खजूर घेऊन आली होती. पण मी तिथे उभी होते आणि मला एकदम सावंतवाडीतली आपली माजघराची खिडकी दिसली. मी अशीच बाजूला बसत आलेय. हातात लाखेची कांडी, रंग पुढे करत.

चेमा उठला. गोणपाटावरचा भुसा झटकला, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "एया." म्हणजे ही. मेहनाज म्हणाली, "ये? ये बनाती हैं?" मी बसले, नमस्कार केला, अंगठा ठेवला.

कडुनिंबाची फांदी होती, सुकवून ठेवलेली. चार बोटं जाडीचा तुकडा. भोवरा उतरवला. मग ट्रंकेतून आणलेल्या आबांच्या दोन लाखेच्या कांड्या काढल्या, लाल आणि पिवळी. फिरत्या लाकडावर कांडी धरली. ती गरम होऊन पसरली, लाल पट्टा, त्याखाली पिवळा. केवड्याचं पान इथे मिळत नाही, खजुराच्या पानाने तेवढी चकाकी येत नाही, म्हणून चेमाच्या रीतीने लाकडाचे मूठभर छिलकेच धरले. बरं दिसलं. भोवरा सोडला तो फरशीवर उभा राहिला, झोपल्यासारखा, आवाज नाही. क्लोटिल्डाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, एकोणसत्तरपर्यंत गेली. अजिंक्य वरून गॅलरीतून बघत होता, तो खाली आला. माझ्या बाजूला उकिडवा बसला. म्हणाला, "आई, तू हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस."

सांगितलं नाही. बरोबर. आता तुलाच सांगते, म्हणजे तुला ठाऊक आहे ते लिहून काढते.

बहात्तर साल. रत्नागिरीच्या प्रदर्शनाला आपल्या घरातून डबीत डबी जायची होती, सात डब्या, एकात एक बसणाऱ्या. आबा काविळीने पडलेले. तू चौदाचा, बाहेरच्या तीन डब्या करायला घेतल्यास आणि पहिल्याच दिवशी अंगठ्यात पटाशी घातलीस. रक्त थांबेना. सहा दिवस उरले होते. आई म्हणाली, बस गो बाय, दार लाव. दुपारी आळी झोपली की आई दोरी ओढायची आणि मी कातायचे. सातही डब्या मी कातल्या, तू अर्धवट टाकलेल्या तीनसकट. एकही लाकूड फुटलं नाही.

आबांना अंथरुणावरून आवाज कळला. कळणारच, हात वेगळा की आवाज वेगळा. त्यांनी मला बोलावलं, डब्या मांडीवर मांडून एकेक उघडली, एकेक मिटली. म्हणाले, "हातान केला ता हाताक म्हायती. गावाक कित्याक सांगूक व्हया?" गावाला कळलं नाही, पण मी सतरा वर्षांची, तेवढं कौतुक मला पुरलं. पुढच्या वर्षी लग्न झालं.

प्रशस्तिपत्र तुझ्या नावाचं आलं. फोटोत तू ते छातीशी धरून उभा आहेस. काल मी तो फोटो पुन्हा काढून बघितला. रामू, तुझ्या अंगठ्याला पट्टी आहे. पांढरी स्वच्छ दिसते. माझ्या जुन्या परकराची चिंधी ती, मीच बांधली होती. त्रेपन्न वर्षं तो फोटो मी जपला तो तुझ्यासाठी, असं मला वाटायचं. आता वाटतं, पट्टीसाठी जपला असेन.

मी भांडायला लिहीत नाही. तू पोर होतास, आणि पोराने कोणाला काय सांगायचं. पुढे तू खरंच चांगला कातारी झालास, त्यात खोट नाही. पण तू साठीचा झालास, सत्तरीकडे चाललास, आणि अजूनही त्या प्रशस्तिपत्राखाली बसून गिऱ्हाइकांना सात डब्यांची गोष्ट सांगतोस, हे मधु मला सांगते. त्यातली सातवी डबी तुझ्याकडे नाही, हे गिऱ्हाइकांना सांगतोस का? ती मी लग्नात कुंकवाला नेली. सुपारीएवढी. आजही तिच्यातलंच लावते. हे गेले तेव्हा बायका म्हणाल्या टाक आता ते. टाकलं नाही. माझ्या हातची डबी आहे, माझं कपाळ आहे.

आता तुझ्या कागदाचं. त्यावर छापलंय, "माझी हरकत नाही." अजिंक्यने इथे दुकानातून छापून आणला. मी त्यातलं "नाही" खोडलं, "आहे" लिहिलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाने, वळण जरा गेलंय पण वाचता येतं. तो कागद सोबत आहे. आबांचा सांगाडा हॉटेलात जाणार नाही. ज्याच्यावर लाकूड फिरत नाही त्याला सांगाडा म्हणत नाहीत, लाकडं म्हणतात. फोटोही पाठवत नाही. फोटो हवाच असेल तर मी घेऊन येईन आणि दोघांनी मिळून ठरवू त्याखाली काय लिहायचं.

तू म्हणशील, बायकोचा गुडघा गेला, माझा खांदा गेला, दोरी ओढायला माणूस नाही, ठेवून करू काय? म्हणूनच लिहिते. मी येतेय. मार्चात, शिमग्याच्या आधी, इथे ऊन चढायच्या आत. यशश्री म्हणाली, एकट्या कशा जाल? मी म्हटलं, आले तशी. सांगाडा माळ्यावरून उतरव, खुंट्या घट्ट कर, तेल दे. खांदा दुखत असेल तर तूप लावून शेक. कारण पटाशी मी धरणार आणि दोरी तू ओढणार. पोराच्या जातीला दोरी ओढता येते, माझी खात्री आहे, लाकूड फुटणार नाही. आणि तुला अगदी जमलंच नाही तर माझ्याबरोबर चेमाचं धनुष्य असेल. मग तू बाजूला बस, रंग पुढे करत. फोटो चांगला येईल.

जितेश वीस दिवसांनी परततो. त्याच्याकडे केवड्याची पानं दे, सुकी, आणि लाखेच्या कांड्या, हिरवी आणि जांभळी नक्की. काटे नीट काढ. वर्तमानपत्रात गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते.

पाकिटात कापसात एक वस्तू आहे, ती आधी काढून ठेव, हरवू नकोस. आठवी डबी आहे. परवा कातली, चष्मा लावून, चेमाच्या सांगाड्यावर. वाटाण्याएवढी. माझ्या सातवीत बरोबर बसते, मी बघितलंय, झाकण मिटताना टक असा आवाज होतो. उघडायला नख लागेल. तुझा तो अंगठा वापर.

मेहनाज जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, अम्मा, मैं समझी नहीं थी. म्हटलं, कोई बात नहीं, मीही फार उशिरा समझी. येत्या शुक्रवारी, चोवीसला, ती वर्गातल्या चौदा मुली घेऊन येणार आहे, प्रत्येकीला धनुष्य धरायचंय. म्हणाली, नऊ वाजता, इन्शाल्ला. क्लोटिल्डा लगेच म्हणाली, म्हणजे साडेदहा. मी सांगून ठेवलंय, मी नऊलाच बसलेली असेन. शुक्रवारी.

आठही डब्या जिच्या हातच्या, ती तुझी
आक्का